जिनेटा विकायची आहे: दुरुस्त करून, आहे तशी, की सरळ पुण्याला न्यावी?

डर्बीकर | ९ मार्च
नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र, पण आता सल्ला हवाय म्हणून धागा काढतोय.

माझ्याकडे १९७१ची जिनेटा जी१५ आहे. नाव ऐकलं नसेल तर काही बिघडत नाही. इथे इंग्लंडातही पेट्रोल पंपावर दहातले नऊ जण विचारतात, "फेरारी आहे का?" आणि दहावा विचारतो, "घरी बनवलीस का?" दहाव्याचं बरंचसं बरोबर असतं. एसेक्समधल्या विटम गावात चार वॉकलेट भावांचा हा कारखाना होता. बॉडी फायबरची, खाली लोखंडी नळ्यांची चासी, मागे हिलमन इम्प या छोट्या गाडीचं ८७५ सीसी इंजिन, पुढचं सस्पेन्शन ट्रायम्फ स्पिटफायर या स्पोर्ट्स गाडीचं. वजन पाचशे किलोच्या आसपास, म्हणजे आपल्या मारुती ८००पेक्षाही कमी. या गाड्या बहुतेक सुट्या भागांत विकल्या जायच्या, कारण तयार गाडीवर परचेस टॅक्स लागायचा आणि खोक्यातल्या गाडीवर नाही. १ एप्रिल १९७३ला व्हॅट आला आणि ती पळवाट बंद झाली.

माझी गाडी पहिल्या मालकाने स्वतःच्या गॅरेजमध्ये जोडलेली. त्याच्याकडे बहुधा लाल वायरचं एकच बंडल होतं. हेडलाइट, हॉर्न, वायपर, पेट्रोलचा काटा, सगळ्यांना लाल वायर. कोणती कुठे जाते ते त्यालाच ठाऊक, आणि तो आता नाही.

२०१४ला साडेसहा हजार पौंडांना घेतली. इतक्या वर्षांत चार उन्हाळे झकास चालवली. सध्याची दुखणी अशी:

मागच्या वर्षी मी कूलंट बदललं, तेव्हापासून तापमानाचा काटा तांबड्यात जातो. स्टिअरिंग जड झालंय आणि पुढच्या उजव्या चाकातून कट्कट् आवाज येतो. इंडिकेटर दिला की त्याच्या तालावर ब्रेकचा दिवा मिणमिणतो. आणि नाकावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा आहेत.

बाबा ऐंशीचे होतील, त्यामुळे सप्टेंबरमध्ये आम्ही कायमचे पुण्याला येतोय. गाडीचं काय करू?

टोच्या | ९ मार्च
रुमाल टाकून ठेवतो. फोटो कुठेत? फोटोशिवाय गाडीचा धागा म्हणजे तर्रीशिवाय मिसळ.

कर्वेनगरी | ९ मार्च
पुण्याला आणाच. सोसायटीच्या गेटातल्या पहिल्या स्पीडब्रेकरवर गाडी तराजूसारखी झुलेल, तुम्ही आत बसून समतोल राखा. आम्ही फोटो काढू.

डर्बीकरीण | ९ मार्च
चार नाही, तीन उन्हाळे. चौथ्यात टोचन होतं.

टोच्या | ९ मार्च
वहिनी आल्या! आता धागा रंगणार. (आणि माझ्या आयडीचा अर्थ टोचनशी लावू नये, तो शाळेतला आहे.)

फॉर्म_२९ | १० मार्च
पुण्याला न्यायच्या पर्यायाबद्दल, नियमांपुरतं लिहितो.

पूर्वी १९५०च्या आधीच्याच गाड्या विंटेज म्हणून आयात करता यायच्या. २०२५पासून पन्नास वर्षं पूर्ण झालेली गाडी आणता येते आणि ही अट दर वर्षी पुढे सरकते. म्हणजे तुमची १९७१ची वयात बसते. पण ड्युटी आणि कर मिळून गाडीच्या किमतीपेक्षा जास्त भरावे लागतील. त्यात जहाजाचं भाडं, विमा आणि बंदरावरचे खर्च वेगळे.

नोंदणी २०२१च्या विंटेज नियमांखाली होईल. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं, पहिली फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नूतनीकरण ५,०००. रोजच्या वापराला परवानगी नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर काढायची. शिवाय गाडी मूळ रूपात हवी. आता घरी जोडलेल्या गाडीचं मूळ रूप म्हणजे काय, हे खिडकीपलीकडच्या माणसाला पटवायला सुट्टी काढून या.

कर्वेनगरी | १० मार्च
"साहेब, लाल वायर ओरिजिनल आहे."

पाना_तेरा | १० मार्च
माझं सांगलीला गॅरेज आहे. ही गाडी बापजन्मात पाहिली नाही, पण कूलंट बदलल्यावर गरम व्हायला लागली म्हणजे नव्वद टक्के हवा अडकली आहे. इंजिन मागे आणि रेडिएटर पुढे आहे का? असेल तर मधल्या लांब पाइपात हवेचा फुगा बसतो. पाणी भरलेलं दिसतं, पण फिरत नाही. रेडिएटरवर हवा काढायचा स्क्रू आहे का बघा. नसेल तर पाणी भरायचं झाकण ज्या टोकाला आहे ते टोक जॅकवर उंच करा, झाकण उघडं ठेवून गाडी चालू करा आणि पाइप हाताने दाबत राहा. गुडगुड करत हवा निघेल. हीटर असेल तर त्याचा कॉक उघडा ठेवा.

त्याआधी तेलाच्या झाकणाखाली बोट फिरवा. सायीसारखं पांढरं लागलं तर हेड गॅस्केट (इंजिन आणि त्याचं वरचं झाकण, म्हणजे हेड, यांच्यामधली पट्टी) गेली. इंजिन अल्युमिनियमचं असेल तर तांबड्यात काटा ठेवून एक किलोमीटरसुद्धा चालवू नका. हेड वाकलं की खर्च वाढला.

डर्बीकर | १० मार्च
पाना, रेडिएटर पुढेच आहे (१९६९नंतरच्या गाड्यांत तो पुढे नेला) आणि झाकण मागे इंजिनाजवळ. मी गाडी उताराला तोंड वर करून भरली होती! म्हणजे बरोबर उलटं केलं. इंजिन पूर्ण अल्युमिनियमचं आहे, ४५ अंशात आडवं टाकलेलं. त्याचं मूळ कॉव्हेंट्री क्लायमॅक्स कंपनीच्या इंजिनात आहे, आणि ते इंजिन मुळात आग विझवायच्या पंपासाठी बनवलेलं.

टोच्या | १० मार्च
आगीच्या बंबाचं इंजिन आणि तक्रार काय, तर गरम होतं.

नाशिकचे_नाना | ११ मार्च
इतरांचं वाचलं. गरम होणं नंतर बघा. मला त्या कट्कट् आवाजाची काळजी वाटते.

डर्बीकर, तू म्हणतोस पुढचं सस्पेन्शन ट्रायम्फ स्पिटफायरचं. स्पिटफायरचं सस्पेन्शन म्हणजे हेरल्डचं. आणि हेरल्ड आमच्या घरी होती. स्टँडर्ड हेरल्ड, मद्रासला बनायची. वडिलांनी जुनी घेतलेली, चार दारांची, मार्क थ्री. चार दारांची हेरल्ड फक्त भारतातच निघाली, साहेबाच्या देशात दोनच दारं. लंडनच्या टॅक्सीसारखी जागच्या जागी वळायची.

तर, त्या चाकाच्या उभ्या दांड्याचं खालचं टोक पितळी ठोकळ्यात आट्यांवर बसतं. त्याला ट्रनियन म्हणतात. स्टिअरिंग फिरवलं की दांडा त्या आट्यांत फिरतो. म्हणजे अख्ख्या गाडीचा पुढचा भार एका स्क्रूवर, आणि तो स्क्रू सतत हलता. त्यात तेल घालायचं असतं. नव्वद नंबरचं गिअर ऑइल. पण त्या ठोकळ्याला निपल (ग्रीस भरायचं तोंड) दिसतं आणि निपल दिसलं की मेकॅनिक ग्रीसगन घेऊन धावतो. ग्रीस आट्यांच्या तळापर्यंत जात नाही, वरच्या वर घट्ट होतं, खाली पाणी साचतं आणि पोलादी दांडा आट्यांत गंजतो. बाहेरून काही दिसत नाही. आधी स्टिअरिंग जड होतं, मग आवाज, मग एक दिवस दांडा तुटतो आणि चाक पोटाखाली दुमडतं.

आमचं १९७८ साली ओझरजवळ दुमडलं. गाडी वळत होती, वेग नव्हता, म्हणून मी आज हे टाइप करतोय. वडील उतरले, चाकाकडे बघितलं, टोपी काढून पुन्हा घातली आणि म्हणाले, "कसारा घाट काल उतरलो आपण." त्यानंतर घरी दर तीन महिन्यांनी तेलाची पिचकारी भरायचं काम माझ्याकडे.

जॅक लावून, खाली घोड्या (लोखंडी टेकू) देऊन दोन्ही बाजू उघड. तोपर्यंत गाडी गल्लीच्या बाहेर काढायची नाही. हे सांगतोय, विचारत नाहीये.

पाना_तेरा | ११ मार्च
नाना, दंडवत. आमच्याकडे ग्रीसगनने मारलेली कितीक निपलं आठवली.

डर्बीकर | ११ मार्च
नाना, हात गार पडले वाचून. माझ्याकडच्या बिलांच्या गठ्ठ्यात एका गॅरेजचं बिल आहे, २०१९चं: "पुढचे ट्रनियन, ग्रीस केले." मी आनंदाने पैसे दिले होते. शनिवारी उघडतो.

मीनल_ऑस्टिन | ११ मार्च
दिव्यांच्या तालाबद्दल मी सांगते. मी इलेक्ट्रॉनिक्सवाली, आणि इथे टेक्सासमध्ये आमच्याकडे बीटलच्या चासीवर बसवलेली फायबरची बग्गी होती, मायर्स मँक्स या गाजलेल्या बग्गीच्या धर्तीची.

पत्र्याच्या गाडीत बॉडी हीच अर्थ (करंटची परतीची वाट) असते, दिव्याला एकच वायर आणली तरी भागतं. फायबरमधून करंट जात नाही, त्यामुळे प्रत्येक दिव्याला परतीची वेगळी वायर हवी. ती गंजली किंवा सैल झाली की इंडिकेटरचा करंट शेजारच्या ब्रेकच्या दिव्यातून वाट शोधतो, म्हणून तो तालावर मिणमिणतो. बल्ब बदलून काही होणार नाही. मागच्या दोन्ही दिव्यांपासून चासीच्या नळीपर्यंत नवी काळी वायर टाका आणि नळीवरचा रंग खरवडून चकचकीत धातूवर बोल्ट घ्या. एक तासाचं काम. काळी का, तर निदान एक वायर तरी लाल नसेल.

विक्रीबद्दल: आम्ही आमची बग्गी विकायच्या आधी आठ महिने सजवली. नवा रंग, नव्या सीट. घेणारा आला, वाकला, खालून बघितलं आणि म्हणाला, "रंगाखाली काय आहे ते कसं कळणार?" शेवटी दुसऱ्याने घेतली, त्याने रंग बघितलाच नाही, त्याला फक्त कागद हवे होते. माझं मत, आहे तशी विका.

कोरी_करकरीत | १२ मार्च
पूर्ण असहमत. माणूस आधी डोळ्यांनी विकत घेतो. नाकावरच्या चिरा घासून, लांबी (पुट्टी) मारून, दोन हात रंग द्या. पाचशे पौंड घालून दोन हजार वाढवून मिळतील. डेंटिंग-पेंटिंगवर माझं पोट आहे, तेव्हा मला थोडं कळतं.

मीनल_ऑस्टिन | १२ मार्च
पत्र्यावर कळत असेल. फायबरच्या वरच्या थराला तडा गेला असेल तर लांबीखालून तो पुढच्या उन्हाळ्यात परत वर येतो. तडा खालपर्यंत खणून, मागून नवा फायबर लावून मग रंग द्यावा लागतो. ते पाचशेत होत नाही.

कोरी_करकरीत | १२ मार्च
पुढच्या उन्हाळ्यात गाडी दुसऱ्याची असेल ना ;)

फॉर्म_२९ | १२ मार्च
असे विक्रेते असतात म्हणून माझ्यासारख्याचा पगार चालतो.

पणजीचो_पात्रांव | १२ मार्च
अवांतर: फायबरची दोन सीटची स्पोर्ट्स गाडी म्हटलं की आम्हाला सॅन स्टॉर्म आठवते. उघड्या टपाची, रेनॉचं इंजिन, आणि बनायची आमच्या गोव्यात. माझ्या चुलतभावाकडे होती. पावसाळ्यात टपातून पाणी गळायचं की त्यानेच कापड नीट लावलं नव्हतं, यावर घरात अजून वाद आहे. ती इंग्लंडच्या लोटस स्पोर्ट्स गाड्यांच्या लायनीतली म्हणायची का?

टोच्या | १२ मार्च
फायबर म्हटलं की सिपानी डॉल्फिन! बंगळूरची. मुळात इंग्लंडची रिलायंट किटन. आमच्या सरांकडे होती. पोरं टकटक करून बघायची आणि सर वर्गात विचारायचे, "कोणी वाजवली?"

कर्वेनगरी | १३ मार्च
लोटसवरून आठवलं. लोटस सेव्हनबद्दल सांगतात की सुट्या भागांबरोबर जोडायच्या सूचना दिल्या तर कर लागायचा. म्हणून त्यांनी गाडी "कशी खोलावी" याच्या सूचना दिल्या. ग्राहकाने शेवटच्या पानावरून सुरुवात करायची. तो माणूस आपल्याकडे सी.ए. झाला असता.

डर्बीकरीण | १३ मार्च
आमच्याकडे कपाटाचं खोकं आलं की हा अजून शेवटच्या पानावरूनच सुरू करतो. कपाट तिरकं आहे.

डर्बीकर | १५ मार्च
शनिवारचा वृत्तांत.

पहिले दोन तास नटांवर गेले. सगळं इंची मापाचं. माझा ७/१६चा पाना हरवलाय, म्हणून ११ नंबरचा लावला, तो अडकून बसला. अर्ध्या इंचाच्या नटाला १३चा लावला, तो घसरला आणि नटाचे कोपरे गोल झाले. (पाना, तुझ्या आयडीचा राग आला क्षणभर.) शेवटी शेजारच्या आजोबांनी स्वतःची पेटी आणून दिली. पेटीचं झाकण उघडताच जुन्या तेलाचा वास आला आणि प्रत्येक पाना कापडात गुंडाळलेला.

डावी बाजू बरी निघाली. उजवा ट्रनियन उघडला तर आधी मेणासारखं वाळलेलं ग्रीस, मग चहाच्या रंगाचं पाणी. दांड्याचे आटे बोटाने चाचपले. वरचे धारदार, खालचे जवळजवळ सपाट, आणि शेवटच्या आट्यापाशी नखाला लागेल अशी बारीक खाच. भिंग लावून बघितलं. चीर आहे. ऑक्टोबरमध्ये मी याच गाडीतून मुलीला घेऊन बक्स्टनला गेलो होतो.

नाना, काय लिहू कळत नाही.

नाशिकचे_नाना | १५ मार्च
काही लिहू नकोस. दोन्ही बाजूंचे नवे दांडे आणि नवे ट्रनियन टाक, एकाच बाजूचे नाही. मागवताना डावा-उजवा नीट बघ, आटे उलटसुलट असतात. आणि पहिलं तेल स्वतःच्या हाताने घाल.

पाना_तेरा | १५ मार्च
तुटलेल्या कोपऱ्यांच्या नटाबद्दल माफी.

डर्बीकर | ६ एप्रिल
दोन्ही बाजू नव्या बसवल्या. हेरल्ड-स्पिटफायरचे भाग इथे अजून सहज मिळतात. स्टिअरिंग एका बोटाने फिरतंय.

पानाच्या सांगण्याप्रमाणे मागची बाजू उंच करून पाणी भरलं. पंधरा मिनिटं गुडगुड चालली आणि मग एकदम ढेकर दिल्यासारखा आवाज होऊन पाणी दीड लिटर खाली गेलं. तेलाचं झाकण स्वच्छ होतं. चाळीस मैल फिरवली, काटा मधोमध. मीनलताई, काळ्या वायरी टाकल्या, मिणमिण बंद. पेट्रोलचे जुने रबरी पाइपही बदलून टाकले, इथल्या साध्या पेट्रोलमध्ये २०२१पासून दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे आणि जुनं रबर त्याने मऊ पडतं.

आता मूळ प्रश्न. नाकावरच्या चिरांसकट विकू?

कर्वेनगरी | ६ एप्रिल
आता विकायची कशाला? :(

टोच्या | ६ एप्रिल
+१. चालती गाडी विकणाऱ्याला पाप लागतं.

मीनल_ऑस्टिन | ७ एप्रिल
चिरांसकट. जवळून फोटो काढा, शेजारी नाणं ठेवून. आणि चीर गेलेल्या दांड्याचा फोटो पण टाका.

कोरी_करकरीत | ७ एप्रिल
स्वतःच्या गाडीचा तुटका भाग जाहिरातीत? मंगळसूत्र घालताना आधीच्या तीन स्थळांची यादी वाचून दाखवा एकदा.

फॉर्म_२९ | ७ एप्रिल
उलट आहे. तुमच्याकडे इंग्लंडात चाळीस वर्षांवरच्या, मोठे बदल न केलेल्या गाड्यांना २०१८पासून वार्षिक तपासणीची सक्ती नाही. म्हणजे घेणाऱ्याकडे सरकारी कागद नसतो, त्याला विक्रेत्याच्या शब्दावर जावं लागतं. तरीही तुम्ही स्वतःहून तपासणी करून घ्या, फी फार नाही. तो कागद आणि बिलांचा गठ्ठा, या दोन गोष्टी रंगापेक्षा जास्त बोलतात. नोंदणीपुस्तकात गाडीचं नाव 'जिनेटा' असंच आहे ना, की चासी दुसऱ्या कशाची दाखवली आहे? इंजिन नंबर जुळतो का? किट गाडीत पहिली भांडणं तिथेच होतात.

डर्बीकर | ७ एप्रिल
नाव बरोबर आहे. इंजिन नंबर जुळत नव्हता! आधीच्या मालकाने इंजिन बदललं पण कळवलं नव्हतं. दुरुस्तीसाठी पुस्तक पाठवतो. हे तुम्ही विचारलं नसतं तर गिऱ्हाइकाने विचारलं असतं.

डर्बीकर | २८ जून
गेली.

एका लिलाववाल्याकडे आधी चौकशी केली होती. त्याने गाडी न बघता किंमत सांगितली आणि मग कमिशन, फोटो, कॅटलॉग, वाहतूक असं एकेक वजा करत गेला. शेवटी मालक मंडळींच्या क्लबातच जाहिरात दिली, चिरा, लाल वायरी, बदललेलं इंजिन, चीर गेलेला दांडा, सगळं लिहून. पाच जण आले. एक तासभर बसून मला त्याच्या १९७०मधल्या प्रेयसीची गोष्ट सांगून गेला, तिच्या भावाकडे जी१५ होती म्हणे. दुसऱ्याला आत शिरता आलं नाही, शिरल्यावर बाहेर येता आलं नाही. आम्ही दोघांनी धरून काढला.

घेतली ती वेल्समधल्या एका शाळामास्तरीणबाईंनी. आल्या त्याच निळा डगला घालून. गाडीकडे न बघता चटई टाकून खाली शिरल्या, टॉर्चने ट्रनियन बघितले आणि आतूनच विचारलं, "तेल की ग्रीस?" मी तेल म्हटल्यावर बाहेर येऊन चहा मागितला.

टोच्या | २८ जून
कितीला???

डर्बीकर | २८ जून
घेतली त्याहून बऱ्याच जास्तीला.

डर्बीकरीण | २८ जून
त्याने घातलेल्या पैशांचा हिशेब माझ्याकडे आहे. कोणी विचारू नये, मीही सांगणार नाही.

नाशिकचे_नाना | २९ जून
बाईंना तेलाची पिचकारी दिलीस का?

डर्बीकर | २९ जून
दिली, नाना. आणि जुना उजवा ट्रनियन त्यांनी मागितला होता, तो मात्र नाही दिला. सप्टेंबरात नाशिकला घेऊन येतो.

नाशिकचे_नाना | २९ जून
ये. पण ट्रनियनवाल्या गाडीने येऊ नकोस, एसटीने ये.

मारुतीचा_मारुती | ४ नोव्हेंबर
धागा पूर्ण वाचला नाही. गाडी अजून आहे का? शेवटची किंमत सांगा. आणि सीएनजी बसेल का?